राखून ठेवलेलं नाव

रफूवाल्या बाईंच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती. जिन्याखालच्या त्या बोळकांडीत जागाच कुठे आहे, असं लोकांना वाटायचं, आणि बाईही तसंच सांगायच्या. पण जागा होती. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खुर्ची सहज मावली असती. एका गिऱ्हाइकाने कीव येऊन एकदा आणूनही दिली होती, चांगली हातांची, लाकडी. बाईंनी ती दुसऱ्याच दिवशी शेजारच्या किल्लीवाल्या काकांना देऊन टाकली. "कोणी दाराशी बसलं की माझा हात चालत नाही हो," एवढंच म्हणाल्या. काकांना फुकटात खुर्ची मिळाली होती, त्यांनी जास्त खोलात जायचं काही कारण नव्हतं.

बाईंचं काम म्हणजे भोक नाहीसं करणं. कोटाला निखाऱ्याचा चटका, शालीला कसर, नव्याकोऱ्या पँटला खिळा, काहीही आणा. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्या धागे उपसून काढत आणि त्या धाग्यांनी भोक असं विणून टाकत की गिऱ्हाईक घरी जाऊन उजेडात धरधरून बघे आणि हात टेके. एका वकिलाने तर, भोक होतं कुठे ते आधी दाखवा, म्हणून दुकानात येऊन वाद घातला होता. बाईंनी त्याला दाखवलं नाही. मलाही सापडलं नसतं, असं त्या नंतर हसत सांगायच्या.

भोक पडलं कसं, हे त्या कधी विचारत नसत. बाकी सगळं विचारत. त्यांची चिठ्ठी अख्ख्या रस्त्यावर प्रसिद्ध होती. नाव, पत्ता, फोन, कपडा कोणाचा, किती जुना, कधी हवा, घरी कोण किती वाजता असतं. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी बाई कपडा परत सरकवायच्या. "अर्धी चिठ्ठी मी घेत नाही. उद्या तुम्ही आलाच नाहीत, तर हा कोट मी कोणाच्या गळ्यात घालू?" घाईतली माणसं वैतागत, पुटपुटत लिहीत. लेक सहा वर्षांची झाली तेव्हापासून बाईंनी तिला चिठ्ठ्या भरायला बसवलं होतं. तिचं अक्षर त्या चिठ्ठ्यांवरच वळणदार झालं, आणि सवय अशी हाडीमाशी मुरली की शाळेच्या सहलीच्या अर्जावर 'इतर माहिती' असा रकाना दिसला, तर तिथेही पोरीने 'मला गाजर आवडत नाही' असं लिहून ठेवलं होतं.

आणि अशा या बाईने आपल्या लेकीला मात्र अर्धीच चिठ्ठी दिली होती. "तुझे बाबा तू चार वर्षांची असताना तापाने गेले." एवढंच. लेक आता एकवीस वर्षांची होती, डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळ देण्याच्या टेबलावर बसत होती, आणि अजूनही हेच धरून चालली होती. बाबा गेले नव्हते. गेल्या होत्या त्या या दोघी, एका दुपारी, दोन पिशव्या घेऊन.

सतरा वर्षं बाईंनी स्वतःला सांभाळलं. दुकानावर नावाची पाटी नाही, नुसतं 'रफू करून मिळेल'. फोटो काढायला कोणी उभं राहिलं की यांना नेमकी दोऱ्याची रिळं आवरायची असत. लोक म्हणायचे, बाई जरा विक्षिप्तच आहेत. विक्षिप्त म्हणवून घेण्यात बरं असतं, मग कोणी फार विचारत नाही.

ती इमारत पाडायची नोटीस लागली आणि इथून सगळं सुरू झालं. तीन महिन्यांत जिना जाणार, जिन्याखालचं दुकानही जाणार. लेकीने ही संधी साधली. ती दोन वर्षं वेबसाइटचा हट्ट धरून होती.

"आई, आता तरी ऐक. लोक कुरिअरने कपडे पाठवतील. तुझं दुकान उद्या कुठेही जाऊ दे, पत्ता तोच राहील."

"कसला पत्ता?"

"वेबसाइटचं नाव म्हणजेच पत्ता गं. एकदा आपण ते नोंदवलं की जगात दुसऱ्या कोणाला मिळत नाही. दर वर्षी मुदत वाढवायची, बस्स. त्याच्यावर कोणी हातोडा घालायला येत नाही."

"माझा फोटो नाही टाकायचा."

"नको तुझा फोटो. भोकांचे टाकू."

बाई हसल्या, आणि हसल्या म्हणजे अर्ध्या तयार झाल्याच. नाव काय ठेवायचं यावर शनिवारची अख्खी दुपार गेली. लेकीने 'जादूची सुई' सुचवलं. बाईंनी नाक मुरडलं. 'आईचा धागा' म्हटल्यावर तर त्या म्हणाल्या, "शी, हे काय, लहान बाळाच्या तेलाचं नाव वाटतंय." लेक फुरंगटली. मग तूच सांग, म्हणाली. बाई बराच वेळ हातातली शाल उलटसुलट करत बसल्या आणि खाली मान घालूनच म्हणाल्या, "सातवा टाका."

लेकीला ते नाव ऐकताक्षणीच आवडलं. ती लहानपणापासून बघत आली होती. बाई सहा टाके घालत आणि सातवा कापडाच्या पोटातून उलटा मागे नेत. तो वरून दिसत नसे, पण आधीचे सहाही त्यानेच धरून ठेवलेले असत.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. माझा मीच काढला."

"मग नाव पण तुझंच."

"माझंच," बाई म्हणाल्या. हे खरं होतं, आणि पुरतं खरं नव्हतं. ते नाव त्यांनी आयुष्यात एकदाच मोठ्याने उच्चारलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नवऱ्यासमोर. कधी दुकान काढलं तर हेच नाव ठेवीन, असं त्या बोलल्या होत्या. नवरा छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायच्या कामाला होता. तो तेव्हा म्हणाला होता, "पाटी मीच करीन. नाव राखून ठेवतो तुझ्यासाठी." पण सतरा वर्षांत माणूस स्वतःचे वाढदिवस विसरतो, बायकोच्या तोंडून एकदा निघालेला शब्द कशाला लक्षात ठेवेल? आणि बाईंच्या मनात हेही होतं की नवरा सोडला, घर सोडलं, गाव सोडलं, आता नावसुद्धा का म्हणून सोडायचं? ते तर त्याने दिलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःचं काहीतरी परत घ्यावंसं वाटलं. मला विचाराल तर त्यात त्यांचं काहीही चुकलं नाही.

रविवारी बाई दोरे आणायला बाजारात गेल्या आणि लेक फोन घेऊन नाव नोंदवायला बसली. नाव टाकलं, तर उत्तर आलं, हे नाव आधीच घेतलेलं आहे. तिचा चेहराच उतरला. मग कोणी घेतलंय हे बघायला तिने तो पत्ता उघडला. पांढरं पान होतं. चित्र नाही, जाहिरात नाही. वर चार वाक्यं.

'हे नाव राखून ठेवलं आहे. विकायचं नाही. ज्यांचं असेल त्यांनी खाली लिहावं. घाई नाही.'

खाली रकाने होते. कोण लिहितंय, फोन, नाव कोणासाठी हवं, त्या व्यक्तीचं काम काय, बसण्याचं ठिकाण, वेळ. त्यातले पहिले दोनच भरणं सक्तीचं होतं, बाकीचे इच्छा असेल तर. दुसरी कोणतीही मुलगी असती तर दोन भरून थांबली असती. ही चिठ्ठ्यांवर वाढलेली. तिने एकूण एक रकाना भरला, वळणदार. आईसाठी हवंय. ती रफू करते, आणि हे नाव तिने स्वतः काढलंय, बाकी कोणाला ते सुचणारच नाही. दुकानाचा पत्ता, रस्ता, खूण म्हणून किल्लीवाले काका. सकाळी दहा ते सहा. दीड वाजता जेवणाची सुट्टी, तेव्हा मी डबा घेऊन येते. इमारत पडणार आहे, म्हणून तीन महिन्यांच्या आत कळवलंत तर बरं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मिळालं. आभारी आहे.' किती सभ्य माणूस, लेकीला वाटलं.

सोमवारी दीड वाजता डबा उघडता उघडता तिने आईला सगळं सांगितलं. नाव गेलंय म्हटल्यावर बाईंनी मान हलवली. जाऊ दे, दुसरं बघू, म्हणाल्या. पण माणूस भला दिसतोय, विकायला बसलेला नाही, ऐक ना काय लिहिलंय, असं म्हणत लेक वाचायला लागली. बाई जेवणाआधी हातातला कोट संपवत होत्या. 'राखून ठेवलं आहे'ला त्यांचा हात थबकला. 'घाई नाही'ला सुई बोटात गेली. तीस वर्षांत त्यांच्या बोटाला सुई लागली नव्हती.

"आई! रक्त येतंय."

"कधीपासून घेऊन ठेवलंय त्याने?"

"ते दिसतं, थांब. मालकाचं नाव लपवलेलं असतं, पण तारीख असते." लेकीने बोटाने पान सरकवलं. "बापरे. सतरा वर्षं! अठरा नोव्हेंबर. आणि दर वर्षी न चुकता मुदत वाढवलीय बघ. एवढी वर्षं नुसतं रिकामं ठेवून काय मिळालं असेल गं याला?"

बाईंनी मनात तारखा मोजल्या. त्या दोन पिशव्या घेऊन निघाल्या होत्या ती तारीख सात नोव्हेंबर होती. म्हणजे अकरा दिवस त्याने शोध घेतला असेल, माहेरी, ओळखीपाळखीत, स्टँडवर. बाराव्या दिवसापासून शोधणं बंद. त्याला माहीत होतं की ही बाई एक दिवस ते नाव घ्यायला येणार. तो त्या नावाच्या दाराशी जाऊन बसला होता.

तो असाच होता. त्याने बायकोवर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. शेजारणी बाईंना म्हणायच्या, नशीब काढलंस. तो फक्त वाट बघायचा. त्याला हवं ते बायकोच्या तोंडून येईपर्यंत दाराला आतून कुलूप घालून, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकून, दाराशी खुर्ची घेऊन बसायचा. "तुझं होऊ दे. मला घाई नाही." कधी तासभर, कधी संध्याकाळपर्यंत. शेवटच्या वेळी बाई त्याला न सांगता दुकानासाठी एक गाळा बघून आल्या होत्या. त्याला कळलं. तो बसला. नळ बाहेरच्या व्हरांड्यात होता, घरात एक कळशी आणि अर्धी बादली. रात्र गेली, दुसरी सकाळ आली, कळशी आटली. चार वर्षांची पोर तापाने फणफणली होती. बाईंनी बादलीच्या तळात फडकं भिजवून तिच्या तोंडात पिळलं. तो बघत होता, शांतपणे. दुपारी बाई म्हणाल्या, "चुकलं माझं." मग तो उठला, दार उघडलं, पाणी भरून आणलं, आणि पोरीला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरले. अगदी हळुवार, गुंता सोडवत. त्या केस विंचरण्याचीच बाईंना सगळ्यात जास्त भीती वाटली. आठव्या दिवशी त्या निघाल्या.

"तू त्याला काय काय लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"सगळं. तूच शिकवलंयस ना," लेक म्हणाली आणि हसली.

हीच ती वेळ होती. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं, डबा तसाच ठेवून. बाईंनी तोंड उघडलंही. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं की तुझा बाप जिवंत आहे आणि मी तुझ्याशी सतरा वर्षं खोटं बोलले. लेक दर वर्षी शाळेच्या अर्जावर वडिलांच्या नावापुढे 'कैलासवासी' लिहायची, तेही बाईंच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"ते नाव सोडून दे. त्या माणसाला पुन्हा लिहायचं नाही, फोन आला तर घ्यायचा नाही."

"का पण?"

"नाही म्हटलं ना! प्रत्येक गोष्टीला का कशाला?"

लेकीचा चेहरा पडला. ती जेवली, डबा धुऊन पिशवीत ठेवला आणि दवाखान्यात परत गेली. आईला एवढ्या हौसेने काही करायला जावं आणि तिने अंगावर यावं, हे तिच्या मनाला लागलं. बाईंना ते दिसत होतं. समजूत संध्याकाळी काढू, असं त्यांनी ठरवलं आणि संध्याकाळी त्यांना जमलं नाही.

मंगळवारी त्या दुकान उघडायच्या आधी पोलीस चौकीत गेल्या. टेबलापलीकडे एक हवालदार बाई होती. चांगली होती बिचारी, तिने बसा म्हटलं, पाणी दिलं.

"धमकी दिली का त्यांनी?"

"नाही."

"मारहाण? पाठलाग? घाणेरडं बोलणं?"

"नाही."

"मग केलं काय त्यांनी?"

बाईंनी विचार केला. "नाव नोंदवलं," त्या म्हणाल्या.

"कोणाविरुद्ध?"

"तसं नाही हो. वेबसाइटचं नाव. मी ठेवणार होते ते. सतरा वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलंय."

हवालदार बाईने पेन खाली ठेवलं. टिंगल करायची तिची इच्छा नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. तरी तिने अर्ज पुढे केला. समोरच्या व्यक्तीचं नाव, वय, हल्लीचा पत्ता, फोन, झालेला गुन्हा. बाईंनी नाव लिहिलं आणि वय मोजून टाकलं. पत्ता नव्हता, फोन नव्हता. गुन्ह्याच्या रकान्यापाशी त्या पेन धरून बसून राहिल्या.

"अर्धा अर्ज मला घेता येत नाही, बाई," हवालदार बाई म्हणाली. "काही केलं त्यांनी, तर लगेच या. मग बघू."

बुधवारी काहीच झालं नाही. तेच जास्त वाईट होतं. फोन वाजला नाही, पत्र आलं नाही. दारात सावली पडली की बाई सुई खाली ठेवायच्या आणि आत येणारा माणूस जाकिटाची बाही पुढे करायचा. लेकीचा सोमवारचा राग गेलेला दिसत होता. उलट ती काहीशी खुशीत होती, स्वतःशीच हसत होती, आणि विचारलं तर "कुठे काय" म्हणत होती. बाईंना वाटलं, पोर विसरली. जिवात थोडा जीव आला. त्यांनी घरी कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली. पुन्हा जायचं, पण या वेळी लेकीला सांगून जायचं, हे त्यांनी पक्कं केलं.

गुरुवारी सकाळी दुकानात बसल्यावर त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. तोंडाने सांगायला गेलो की ऐनवेळी जीभ टाळ्याला चिकटते, हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं. लिहिता येत होतं. लिहिणं तर त्यांच्या हातातलं होतं. त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि भरली. नाव, बापाचं. नातं. वय. कुठला, काय काम करायचा. खाली उरलेल्या जागेत आणि मग पाठीमागेही, बारीक अक्षरात, कळशी, बादली, फडकं, किल्ली, खुर्ची. मी खोटं का बोलले. तुला हरवायची भीती वाटली म्हणून. 'कधी हवं' या रकान्यात त्यांनी 'आजच' लिहिलं. वाचून बघितलं. एकही रकाना रिकामा नव्हता. त्यांनी चिठ्ठी घडी करून मुठीत धरली. सतरा वर्षांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. दीड वाजता लेक येईल, डबा उघडायच्या आधीच तिच्या हातात द्यायची.

सव्वा वाजता किल्लीवाले काका दारात डोकावले. त्यांच्या बोटांना पितळेचा भुगा लागला होता.

"बाई, तुमचे पाहुणे तासभर बाहेर उभे होते की हो. म्हटलं आत जा, तर म्हणे नको, त्यांचा हात चालत नाही कोणी असलं की. बघा, किती जाणतात तुम्हाला! मग मीच आपली ती खुर्ची दिली त्यांना. तुमचीच ती."

बाई फोन शोधायला लागल्या.

"फार सज्जन गृहस्थ," काका सांगतच होते. "तेवढ्यात दोन किल्ल्याही करून घेतल्या माझ्याकडून. जुन्या कुलपाची किल्ली, हल्ली असली कुलपं बघायला मिळत नाहीत. म्हटलं दोन कशाला? तर म्हणाले, एक बायकोला, एक मुलीला. आणि तुमच्या लेकीचा फोन येतोय सारखा त्यांना. आज तिघांचा डबा आणतेय म्हणे. तुम्हाला काहीतरी द्यायचंय, अचानक, म्हणून मला सांगू नका म्हणाली होती. बघा, माझ्या पोटात काही राहत नाही."

बाईंनी फोन उचलून लेकीला लावला. फोन दुसरीकडे लागलेला होता. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्या धडपडत दारात आल्या आणि लेक कोणाशी बोलतेय ते त्यांना समोरच दिसलं.

तो किल्लीच्या दुकानाबाहेर, फुटपाथवर, त्या हातांच्या खुर्चीत बसला होता. केस पांढरे झाले होते, मान बारीक झाली होती. कानाला फोन होता. बाईंच्या दाराकडे त्याची पाठ होती. खुर्ची त्याने रस्त्याच्या टोकाकडे तोंड करून लावली होती. दवाखान्याकडून येणारं माणूस त्याच टोकाला वळून दिसे.

"हो हो," तो फोनमध्ये म्हणत होता. "सावकाश ये बाळा. रस्ता बघून ओलांड. मला घाई नाही."

एकदा बाई याच्यासमोर बसून हरल्या होत्या. एकदा पळून सुटल्या होत्या. आता दोन्हीला वेळ नव्हता. त्या तरातरा चालत पुढे गेल्या आणि खुर्ची आणि रस्ता यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. कोणी भाजी घेऊन घरी परत आल्यावर बघावं, तसं त्याने बघितलं. फोन बंद करून सदऱ्याच्या खिशात टाकला. खिशात किल्ल्या वाजल्या.

"आलीस?" तो म्हणाला. मग उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस ना. दमलेली दिसतेस."

बाई बसल्या नाहीत. "ती यायच्या आत निघून जा. तिला यातलं काही माहीत नाही."

"माहीत नाही ते कळलं मला. मी वारलोय म्हणे." तो किंचित हसला. "मी अजून काही बोललो नाही तिला. ते तू सांगायचंस. तुझं होऊ दे."

बाईंच्या मुठीत चिठ्ठी होती, घामाने मऊ पडलेली. रस्त्याच्या टोकाला लेक वळली. दोन्ही हातांत पिशव्या, ओढणी वाऱ्यावर. तिने लांबूनच दोघांना समोरासमोर उभं बघितलं आणि तिला वाटलं, झालं, आईला कळलं, नाव मिळालं. तिचा चेहरा असा फुलला की मागे वळलेल्या बाईंना तो इतक्या लांबूनही दिसला. तिने एका हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात उंच केला.

बाईंनी हात वर केला, पंजा पुढे करून, थांब, तिथेच थांब, असा. मुठीतली चिठ्ठी खाली पडली.

त्यांच्या मागे उभं राहून त्यानेही हात वर केला.

लेकीला लांबून दोन्ही हात सारखेच दिसले. ती भराभर चालायला लागली.